शून्य कर वाचवण्यासाठी लाखाचा हप्ता, आणि न विचारलेला जीएसटी

गडहिंग्लज परिसरात इलेक्ट्रिक सामानाचे दुकान चालवणाऱ्या 41 वर्षांच्या एका वाचकाचे पत्र आले आहे. यंदा, म्हणजे 2025-26 मध्ये, त्यांची उलाढाल 68 लाखांवर जाईल. त्यातले 45 लाख यूपीआय आणि बँकेतून आलेले आहेत, उरलेले रोख. गेल्या वर्षी एकूण उलाढाल 58 लाख होती आणि त्याआधी तीस-पस्तीस. सर्व खर्च जाऊन घरात 9 लाख येतात, पण आयकर कायद्याच्या कलम 44 एडीखालील (छोटा व्यापारी तपशीलवार हिशेबाऐवजी उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी नफा दाखवतो : बँकेतून आलेल्या रकमेवर किमान 6, रोखीवर 8) किमान दराने विवरणपत्र साडेचार लाखांचेच भरायचे असे त्यांनी ठरवले आहे. विमा एजंटाने 31 मार्चपूर्वी वर्षाला 1 लाख हप्त्याची 15 वर्षांची पॉलिसी घेण्याचा आग्रह धरला आहे. जुनी करपद्धती निवडा, तीस हजार कर वाचेल आणि शेवटी 23 लाख हाती येतील, असे त्याचे म्हणणे. पॉलिसी घ्यावी का, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी सहज लिहिले आहे : "2 कोटींच्या आत असल्यामुळे जीएसटीची भानगड नाही. दुकानाबरोबर वायरिंग-फिटिंगची चारेक लाखांची कामेही घेतो."

पॉलिसीचे उत्तर नकारार्थी आहे आणि त्याला फार जागा लागत नाही. नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे यंदा कर शून्य होतो, त्यामुळे तुम्ही साडेचार लाख दाखवा की 9 लाख, वाचवण्यासारखा कर शिल्लकच नाही. उलट एजंटाचे ऐकून जुन्या पद्धतीत गेलात आणि खरे 9 लाख दाखवलेत, तर हा हप्ता वजा करूनही सुमारे 75 हजार रुपये कर भरावा लागेल. शिवाय व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याला नोकरदारासारखी दरवर्षी पद्धत बदलण्याची मुभा नसते. एकदा जुन्या पद्धतीत जाऊन परत आलात की तो दरवाजा बंद होतो. 15 लाख भरून 23 लाख म्हणजे परतावा जेमतेम 5 टक्के. त्याच रकमेचे पीपीएफमध्ये, सध्याचा 7.1 टक्के दर टिकला तर, 27 लाख होतात. विम्याची गरज असेलच, तर 50 लाखांचा टर्म विमा (मृत्यू झाल्यासच घरच्यांना रक्कम देणारा) या हप्त्याच्या पाचव्या भागाहूनही कमी पैशांत बसतो. 6 आणि 8 टक्के हे दर किमान आहेत. प्रत्यक्षात नफा जास्त असेल तर तो जास्तच दाखवावा. तसे केल्याने यंदा एक रुपयाही कर वाढत नाही आणि उद्या गृहकर्ज मागायला गेलात तर बँक हेच विवरणपत्र पाहणार आहे.

आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीकडे वळतो, कारण खरा धोका तिथे आहे. 2 कोटींची मर्यादा आयकर कायद्यातली आहे आणि ती हिशेब कसा मांडायचा एवढ्यापुरतीच आहे. जीएसटीशी तिचा काडीचाही संबंध नाही. महाराष्ट्रात केवळ मालाची विक्री करणाऱ्याला 40 लाखांच्या उलाढालीनंतर नोंदणी सक्तीची होते. तुम्ही फिटिंगची कामेही घेता, म्हणजे सेवाही देता, त्यामुळे तुमच्यासाठी ही मर्यादा 20 लाखांवर येते. याचा अर्थ तुम्ही निदान तीन वर्षांपासून नोंदणीविना व्यापार करत आहात.

फक्त दोन वर्षांचे पाहू. 58 आणि 68 मिळून 126 लाख. तुमच्या बहुतेक मालावर 18 टक्के दर आहे, आणि वसूल केलेल्या किमतीतच कर धरला तरी तो 19 लाखांच्या घरात जातो. नोंदणी नसलेल्या काळातील खरेदीवरचे इनपुट क्रेडिट (खरेदीत भरलेल्या कराची वजावट) सहसा मिळत नाही, म्हणजे घाऊक व्यापाऱ्याला भरलेला कर गेला तो गेला. यावर वर्षाला 18 टक्के व्याज आणि दंड वेगळा. वेळेवर नोंदणी करून कंपोझिशन योजना (छोट्या व्यापाऱ्यासाठी उलाढालीवर अल्प दराने कर) घेतली असती, तर उलाढालीच्या 1 टक्का दराने याच दोन वर्षांचा कर सव्वा लाख झाला असता.

हे कोणाला कळणार, असा विचार मनात येईल. जुलै 2025 मध्ये कर्नाटकात व्यापारी कर विभागाने यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा पाठवल्या, त्या याच कारणासाठी. तुमच्या बाबतीत तर यूपीआय तपासण्याचीही गरज नाही. आयकर विवरणपत्रात 58 लाखांची उलाढाल तुम्हीच लिहून दिली आहे आणि त्याच अर्जातला जीएसटी क्रमांकाचा रकाना रिकामा सोडला आहे.

आजच्या तारखेने नोंदणी करा आणि मागचे विसरा, असे सांगणारेही भेटतील. नोंदणीच्या अर्जात जबाबदारी कधीपासून सुरू झाली ती तारीख विचारली जाते, त्यामुळे तिथे खोटे लिहिणे ही नवी चूक ठरेल. नोटीस येण्यापूर्वी स्वतःहून व्याजासह भरलेल्या कराच्या बाबतीत कायदा दंडात बराच सौम्य आहे, आणि तुमच्या हाती असलेली खरी सवलत हीच आहे.

पुढच्या काळासाठी नोंदणी करतानाच कंपोझिशन निवडता येते. त्यात उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत सेवा चालतात, त्यामुळे तुमची फिटिंगची कामे बसतात. मात्र ग्राहकाकडून कर वेगळा घेता येत नाही आणि परराज्यात माल विकता येत नाही. तुमचे बरेच गिऱ्हाईक इनपुट क्रेडिट मागणारे कंत्राटदार असतील, तर ते दुसरे दुकान शोधतील. तसे असेल तर नियमित नोंदणीच बरी.

याच आठवड्यात तीन वर्षांची खरेदीची बिले, बँक उतारे आणि विवरणपत्रांच्या प्रती घेऊन जीएसटीची कामे करणाऱ्या सनदी लेखापालाकडे जा आणि हप्त्यासाठी बाजूला ठेवलेला लाख त्याच कामासाठी राखून ठेवा. एजंटाला धनादेश आधीच दिला असेल, तर पॉलिसीची प्रत मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत ती लेखी परत करता येते. किरकोळ वजावट होऊन पैसे परत मिळतात.