दोन रेषा आल्या तर उद्या कुठे जायचं?

प्रश्न : दादा, कोल्हापुरात आम्हा गे मुलांचा दहा-बारा जणांचा कट्टा आहे. मी दर सहा महिन्यांनी एचआयव्हीची टेस्ट करतो. बाकीचे नुसतं ‘करू की’ म्हणतात. घरी करायची किट मिळाली म्हणून मी ती वाटली, तर तिघांच्या कपाटात तशीच पडून आहेत. एकाला दोनदा विचारलं तर उखडला, ‘माझ्यावर संशय घेतोस काय?’ आता काय करू?

उत्तर : ‘केलीस का?’ हा प्रश्न कितीही मायेनं विचारला तरी ऐकणाऱ्याला तो पोलिसाचाच वाटतो. पुण्यात पीअर म्हणून, म्हणजे आपल्यातल्याच पोरांना तपासणीसाठी मदत करणारा म्हणून, नवा होतो तेव्हा मीही हेच करायचो. वर आणखी एक शहाणपणा केला. ग्रुपवर किटचा फोटो टाका म्हणालो. एका रेषेचे, म्हणजे निगेटिव्हचे, चार फोटो आले आणि ज्यानं टाकला नाही त्याच्याबद्दल कुजबुज सुरू झाली. तो पोरगा पुन्हा आमच्यात आला नाही. संमतीशिवाय तपासणी नाही आणि कुणाचा निकाल बाहेर फोडायचा नाही, हे 2017च्या एचआयव्ही कायद्यातच आहे. मला ते त्या पोरानं शिकवलं.

आता मी फक्त सोबत मागतो. ‘रविवारी माझी आहे, येतोस? दोघं करू.’ चहा मात्र नंतर, कारण तोंडातून नमुना घ्यायच्या किटला आधी अर्धा तास काही खाल्लेलं-प्यायलेलं नको. मग वीसेक मिनिटं थांबायचं. एकटा पोरगा भितो तो याच वीस मिनिटांना, सुईला किंवा काडीला नाही. तेवढा वेळ आम्ही क्रिकेटवर भांडतो. त्याची किट त्याच्याकडेच, माझ्या नजरेआड. निकाल मी विचारत नाही.

एक गोष्ट मात्र किट उघडायच्या आधीच ठरवतो : दोन रेषा आल्या तर उद्या सकाळी कुठे जायचं? उत्तर सरकारी दवाखान्यातलं आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीचं समुपदेशन आणि तपासणी केंद्र. दोन रेषा म्हणजे एचआयव्ही असू शकतो, पण ते अजून निदान नव्हे. तिथे पुढच्या तपासण्या होतात, फुकट. पॉझिटिव्ह निघालाच तर एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या, गोळ्याही फुकट. त्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी राहिला, तर संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. हे आधी ऐकलेलं असलं की हात कमी थरथरतात. रात्री-बेरात्री कुणाला बोलायचं झालंच तर 1097 ही हेल्पलाइन आहे.

एक रेष आली म्हणून लगेच नाचू नका. शेवटच्या धोक्याच्या संबंधाला तीन महिने झाले नसतील तर टेस्ट पुन्हा करायची. आणि धोका काल-परवाचाच असेल तर किटच्या नादी लागूच नका. लागण टाळायच्या गोळ्या बहात्तर तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, थेट सरकारी रुग्णालय गाठा.

सहा महिने लक्षात राहत नाहीत म्हणून आम्ही पाडवा आणि दसरा धरलाय. पंधरा दिवस इकडे-तिकडे झाले तर चालतं.

उखडलेल्या मित्राला मात्र सध्या काही विचारू नकोस. रंकाळ्यावर नेहमीसारखा भेट. स्वतःच्या रविवारबद्दल एकदा सहज बोल आणि विषय सोड. फक्त त्या तिघांना किटवरची एक्स्पायरी बघून ठेवायला सांग.