कलम, साका आणि मिठागरातले जंतू : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची देवगडला हापूसची बाग आहे. भाचा पुण्यात बायोटेक शिकतो, मे महिन्यात आला की म्हणतो, मामा तुम्ही कलमं बांधता तेच जेनेटिक इंजिनियरिंग, मग जीएमला (जीन बदललेल्या पिकांना) कशाला घाबरता? हे खरं आहे का? आणि सायन्स एवढं पुढे गेलं तरी आमच्या आंब्यातला साका (पिकलेल्या फळात आत राहणारा पांढरट, आंबट, स्पंजासारखा गर) का जात नाही? (एक बागायतदार)

उत्तर : भाच्याला मे सोडून पावसाळ्यात बोलवा आणि कोय कलमं बांधायला बसवा, अर्धं उत्तर तिथेच मिळेल. रायवळची कोय रुजून तांबूस पानांचं रोप आलेलं असतं, ते चारेक बोटं ठेवून छाटायचं, मधोमध चीर द्यायची, हापूसची तेवढ्याच जाडीची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि प्लास्टिकची पट्टी गच्च गुंडाळायची. यात जीन कुठे बदलला? खालचा खुंट रायवळचा तो रायवळच, वरचा हापूस तो हापूसच. जोडाखालून फुटवा आला आणि खुडायचा राहिला तर त्याला रायवळच लागणार हे तुम्हाला मी काय सांगणार. म्हणजे कलम ही हुबेहूब कॉपी काढायची युक्ती, आणि ती जमायला लागली तेव्हा डीएनए कशाशी खातात ते कोणालाच माहीत नव्हतं. टेक्नॉलॉजी आधी आणि सायन्स मागून धापा टाकत, असं बरेचदा होतं.

भाच्याच्या डोक्यात कदाचित संकर असेल. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांचा संकर करून १९८१ साली रत्ना आणला, पुढे रत्नाचा परत हापूसशीच संकर करून पातळ कोयीचा सिंधू. इथे जीन खरंच मिसळतात, पण पत्ते पिसल्यासारखे, हातात काय येईल ते नशीब, आणि झाडाला फळ धरून चव कळेपर्यंत कितीतरी वर्षं जातात. जेनेटिक इंजिनियरिंगवाले पिसत बसत नाहीत, नेमका पत्ता निवडून आत सरकवतात, कधीकधी तर दुसऱ्याच गंजिफ्याच्या डावातला! बीटी कापसात मातीतल्या एका जिवाणूचा, बोंडअळी मारणारा जीन आहे, संकराने तो कापसात सात जन्मांत आला नसता. २००२ पासून तो आपल्या शेतात आहे.

आता साका. रत्नात तो पडत नाही, पण गिऱ्हाइकाला पेटीवर हापूसच लिहिलेलं हवं असतं, त्याला शास्त्रज्ञ काय करणार. बरं हापूसमधूनच काढायचा म्हटलं तर बोट कुठे ठेवायचं? कोय फळातच रुजायच्या तयारीला लागते हे एक कारण सापडलंय, तापलेल्या जमिनीची झळ हे दुसरं (झाडाखाली गवताचं आच्छादन घाला म्हणतात ते त्यासाठीच), म्हणजे एक बटण दाबलं की साका बंद असं हे प्रकरण नाही. जीन कापायची कात्री हातात आहे (तिची गोष्ट पुढच्या उत्तरात), पण कुठे कापायचं ते शोधायचं काम अजून बाकी आहे, आणि ते काम वेळखाऊ.

जीएमला घाबरायचं का हा परत वेगळाच प्रश्न. बीटी वांगं २०१० मध्ये सरकारने थांबवलं ते थांबलंच, आणि गुलाबी बोंडअळी बीटी पचवायला शिकली ते विदर्भातल्या कोणाही कापूसवाल्याला विचारा. मला विचाराल तर एकेक पीक घेऊन तपासावं, सरसकट हो किंवा नाही म्हणणाऱ्यांच्या मी वाटेला जात नाही.

प्रश्न : मुलगी एमएस्सीला आहे, शिरोड्याच्या मिठागरातलं पाणी बाटल्यांत भरून नेते, त्यातले जंतू बघते म्हणे. सासूबाई रोज विचारतात याचा उपयोग काय. काय सांगू? (तिची आई, वेंगुर्ले तालुका)

उत्तर : ताई, सासूबाईंना स्पेनची गोष्ट सांगा. आलिकांतेजवळ सांता पोला म्हणून मिठागरं आहेत, तिथल्या सूक्ष्मजीवांवर फ्रान्सिस्को मोहिका नावाचा पोरगा पीएचडी करत होता, खारटपणा कमीजास्त झाला की हे जीव तगतात कसे एवढंच त्याला बघायचं होतं. तर डीएनएत त्याला एकच तुकडा ठरावीक अंतराने परत परत दिसला, आरतीच्या ध्रुवपदासारखा. १९९३ ची गोष्ट. जपानमध्ये १९८७ ला असंच दुसऱ्या एका जिवाणूत दिसलं होतं, पण ते का ते कोणाला कळलं नव्हतं. हा मात्र चिकटून बसला, दहाएक वर्षांनी उलगडा झाला की ध्रुवपदांमधली कडवी विषाणूंच्या डीएनएची आहेत, जंतूने जपून ठेवलेली, तोच विषाणू परत आला तर ओळखायला. पेपर एकामागून एक नियतकालिकांनी परत पाठवला, छापून यायला २००५ उजाडलं. अशा ओळखलेल्या विषाणूचा डीएनए जंतू कापून टाकतो, त्याच युक्तीतून पुढे २०१२ मध्ये शार्पेंटिए आणि डाउडना या दोघी शास्त्रज्ञांनी जीन कापायची क्रिस्पर कात्री बनवली, २०२० चं नोबेल त्यांना मिळालं, आणि २०२५ मध्ये आपल्याकडे भाताच्या दोन नवीन जाती जाहीर झाल्या त्यातही हीच कात्री वापरलीय.

१९९३ ला मोहिकाला कोणी उपयोग विचारला असता तर बिचारा काय बोलणार होता. तुमच्या मुलीकडेही आज उत्तर नसेल तर नसू दे. बाटल्यांवर तारीख आणि मिठागराच्या कुठल्या कोपऱ्यातलं पाणी ते लिहितेय ना तेवढं बघा, एकदा पाऊस लागला की परत तसा नमुना मिळायला पुढच्या हंगामाची वाट बघावी लागते.