पहिल्या एकांकिकेचं पार्श्वसंगीत करतोयस, तर…

पहिल्याच एकांकिकेचं पार्श्वसंगीत तुझ्याकडे आलंय, मस्तच! आधी लॅपटॉप न उघडता दोन-तीन तालमी नुसत्या बघ आणि संहितेवर खुणा कर, कुठे शांतता हवी त्याच्या. नवीन मंडळी हमखास इथेच चुकतात, प्रत्येक प्रवेशाखाली काहीतरी वाजवत राहतात.

वाद्य निवडताना संवादाचा विचार कर. सारंगी, बासरी, व्हायोलिन माणसाच्या आवाजाच्याच टप्प्यात फिरतात. समज, प्रवेशात आई हळू आवाजात बोलतेय आणि खाली सारंगीची मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा सूर आला, की कान तिकडेच जातात. बोलण्याखाली तानपुरा किंवा खर्जातले, म्हणजे अगदी खालचे, लांब सूर पुरतात. सुरावट वाक्य संपल्यावर येऊ दे. आणि दुःख आलं की सारंगी, लग्न आलं की सनई, हे टाळच. प्रसंग जे दाखवतोय तेच संगीताने पुन्हा कशाला सांगायचं?

- आवाजाची पातळी हेडफोनवर नको, नाट्यगृहात शेवटच्या रांगेत बसून ठरव.
- तुकडा धाडकन तोडू नकोस, ओसरू दे.
- राग सगळ्यांचा, पण ध्वनिमुद्रण कुणाचं तरी असतं; भारतात त्यावर ६० वर्षं हक्क राहतो. परवानगी घे, नाहीतर सरळ मित्राची पेटी रेकॉर्ड कर.

इक्वलायझर (आवाजातला जाड-बारीकपणा कमी-जास्त करणं), रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणं) सध्या राहू दे. तालमीचं रेकॉर्डिंग पाठव, ऐकून सांगतो.