‘उलट मी गाडी हळूच चालवतो’

ताई, माझे पती रोज संध्याकाळी मित्रांबरोबर गांजा ओढतात आणि तशाच अवस्थेत गाडी चालवत घरी येतात. झोपेसाठी डॉक्टरांनी दिलेली गोळीही अधूनमधून जास्तीची घेतात. दारूला ते शिवत नाहीत, त्यामुळे आपले काही चुकते आहे असे त्यांना वाटतच नाही. ‘उलट मी गाडी हळूच चालवतो,’ असे म्हणतात. गेल्या आठवड्यात आम्ही तिघे घरी परतत होतो, सहा वर्षांची मुलगी मागे बसली होती. सिग्नल हिरवा झाला तरी ते गाडी हलवेनात. मागून हॉर्न वाजू लागले, तेव्हा नुसते हसले. मी रडून, भांडून, अबोला धरून पाहिले. आता काय करू?

– एक वाचक

तुमचे पत्र वाचून झाल्यावरही तो हिरवा सिग्नल माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. गाडी उभी होती म्हणून त्या दिवशी हॉर्नवर भागले. पण ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते, आणि तुमच्या पतींचे लक्ष त्या सिग्नलपाशी एका सेकंदापेक्षा बरेच जास्त वेळ हरवले होते.

त्यांचे म्हणणे मात्र सरसकट खोडून काढू नका, कारण त्यात थोडे तथ्य आहे. गांजा ओढलेल्या माणसाला आपल्याला चढली आहे हे बऱ्याचदा कळते आणि तो खरोखरच वेग कमी करतो. अडचण अशी की वेग त्याच्या हातात असतो, पण अचानक समोर आलेल्या माणसाला पाहून ब्रेकवर पाय जायला लागणारा वेळ, गाडी आपल्या लेनमध्ये सरळ ठेवणे, आरसा आणि रस्ता यांच्यावर एकाच वेळी नजर ठेवणे, हे त्याच्या हातात राहत नाही. हा परिणाम काही तास टिकतो, आणि ‘आता उतरली’ असे वाटले तरी शरीर पूर्ववत झालेले असतेच असे नाही. त्यावर झोपेच्या गोळीची भर पडली की दोन्हींची गुंगी एकमेकींना वाढवते, आणि काही गोळ्यांचा अंमल तर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढतानाही उरलेला असतो. या गोळीबद्दल डॉक्टरांशी लवकर बोलणे आवश्यक आहे. मात्र ती अचानक बंद करायला लावू नका, कारण अशी काही औषधे एकदम सोडल्यास गंभीर त्रास होऊ शकतो.

दारू पीत नाही म्हणून आपण निर्धास्त, ही समजूत घट्ट होण्यामागे आणखी एक कारण आहे. श्वासाची तपासणी करणाऱ्या नेहमीच्या यंत्रात दारू सापडते, गांजा सापडत नाही. लाळ तपासून अमली पदार्थ शोधणारी चाचणी रस्त्यावर सरसकट घेण्याची सुरुवात ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २००४ मध्ये केली, पण अजून अनेक ठिकाणी ती नियमित होत नाही. शिक्षा किती मोठी आहे यापेक्षा आपण पकडले जाऊ याची खात्री माणसाला अधिक आवर घालते, आणि तुमच्या पतींना ती खात्री बाहेर कुठे भेटलेलीच नाही.

आता तुमच्याकडून काय होऊ शकते ते सांगते. गांजा सोडवणे आणि नशेत गाडी चालवू न देणे, या दोन गोष्टी कृपा करून वेगळ्या करा. पहिलीला महिने लागतील, कदाचित वर्षेही. दुसरी आजच व्हायला हवी. आजवर प्रत्येक भांडण ‘तुम्ही ओढताच का’ इथून सुरू झाले असणार, आणि गाडीचा मुद्दा त्यात कुठल्या कुठे वाहून गेला असणार.

ते घरी परततात त्या वेळी हा विषय काढू नका. सुट्टीच्या दिवशी सकाळी, डोके पूर्ण स्वच्छ असताना, सिग्नलवर तुम्ही काय पाहिले तेवढेच सांगा आणि मग विचारा, ‘तुम्हाला त्या वेळी काय वाटलं?’ आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये मांडलेल्या समुपदेशन पद्धतीचा गाभा हाच आहे: बदलाचे कारण माणसाच्या स्वतःच्या तोंडून आले तर ते टिकते, आपण लादले तर तो त्याच्याविरुद्ध बाजू मांडत बसतो. १९९९ मध्ये मिलर, मायर्स आणि टोनिगन यांनी दारूच्या व्यसनाबाबत एक अभ्यास प्रसिद्ध केला. घरच्यांना शांतपणे बोलायला, चांगल्या दिवसांची दखल घ्यायला आणि चुकांवर पांघरूण न घालायला शिकवले, तेव्हा उपचारांना नकार देणाऱ्या ६४ टक्के व्यक्ती उपचारांसाठी आल्या. सर्वांनी मिळून धारेवर धरण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होते.

गाडीबद्दलचा निर्णय पहिल्या झुरक्याच्या आधी झाला पाहिजे, कारण नंतर निर्णय घेणारे डोकेच ठिकाणावर नसते. मित्रांकडे जायचे असेल त्या दिवशी गाडीची किल्ली घरीच, दाराजवळच्या खिळ्यावर राहील आणि येण्याजाण्याची सोय आधी ठरलेली असेल, एवढाच करार करा. तो पाळला गेला त्या संध्याकाळी ‘बरं वाटलं’ असे मोकळेपणाने म्हणा.

मुलीबाबत मात्र करार नाही, चर्चाही नाही. त्यांनी काही घेतले असल्याची नुसती शंका आली तरी तुम्ही दोघी त्या गाडीत बसायचे नाही. रात्री अडकून पडलात तर कोणाला फोन करायचा, हे आजच ठरवून ठेवा. नशेत असताना त्यांच्या हातातून किल्ली हिसकावू नका; ते अंगावर येण्याची भीती असेल तर दूर व्हा. ते गाडी घेऊन निघालेच, तर पोलिसांना कळवण्यात तुम्ही नवऱ्याशी कोणताही द्रोह करत नाही.

मुलगी विचारेल, आज आपण बाबांच्या गाडीतून का नाही गेलो. तेव्हा ‘गाडी बिघडली’ असे सांगू नका. ‘बाबांना आज गाडी नीट चालवता येणार नव्हती, म्हणून आपण दुसऱ्या गाडीने आलो,’ एवढे खरे तिला समजते. यात तिची काही चूक नाही, हेही तिला त्याच वेळी जवळ घेऊन सांगा.