पादुआशी कोणाकोणाचं नातं?

प्रश्न : मुलगा इटलीत पादुआला शिकायला चाललाय. गॅलिलिओ तिथे होता एवढंच माहितीये, अजून कोण मोठी माणसं?

उत्तर : अहो, यादी मोठी आहे! गॅलिलिओ तिथे १५९२ ते १६१० म्हणजे तब्बल १८ वर्षं शिकवत होता आणि गुरूचे चंद्र त्याने तिथूनच पाहिले. रोमन इतिहासकार लिव्ही तर तिथलाच. सेंट अँथनी मूळचे लिस्बनचे, पण समाधी पादुआत. शरीरात रक्त कसं फिरतं हे दाखवणारा विल्यम हार्वे इथूनच १६०२ मध्ये डॉक्टर झाला.

पण मला विचाराल तर मुलाला एलेना कोर्नारोबद्दल नक्की सांगा. तिला धर्मशास्त्राची पदवी हवी होती, बिशप बार्बारिगोंनी बाई म्हणून साफ नकार दिला, मग तत्त्वज्ञानाची परीक्षा ठरली आणि ऐकायला एवढी गर्दी की ती विद्यापीठात न घेता कॅथेड्रलमध्ये घ्यावी लागली, साल १६७८, बाईने विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवल्याची ही पहिली नोंद मानतात. ३८ व्या वर्षी गेली बिचारी. सांता जुस्तीना चर्चमध्ये तिला पुरलंय, तिथे मुलाने जाऊन यावंच.