नर धनेश मेला तर ढोलीत कोंडलेली मादी उपाशी मरते, हे खरे आहे का?

दोडामार्गजवळच्या एका घरगुती निवासात यजमानांनी आपल्याला ही गोष्ट सांगितली, असे आपण लिहिले आहे. तेवढे वाचूनच मी उत्तर लिहायला बसलो, कारण माझा थोरला भाऊ हीच गोष्ट अनेक वर्षे सांगत आला आहे आणि तितकीच वर्षे मी ती खोडून काढत आलो आहे.

पहिली चूक ‘कोंडलेली’ या शब्दातच आहे. महाधनेशाच्या, म्हणजे ज्याला इंग्रजीत ग्रेट हॉर्नबिल आणि आमच्याकडे सरसकट गरुड म्हणतात त्या पक्ष्याच्या मादीला कोणीही कोंडत नाही. ती स्वतः ढोलीत शिरते, आपली विष्ठा आणि फळांचा चोथा चोचीने थापून ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते आणि चोचीचे टोक बाहेर येईल एवढी उभी फट तेवढी राखते. भिंत तिनेच घातलेली असते आणि ती फोडणारी चोचही तिचीच असते.

2009 साली आमच्या पोफळीच्या बागेच्या कडेला एक जुना बेहडा होता. खोड पोकळ झाले आहे, एखाद्या पावसात ते पोफळींवर कोसळेल, म्हणून दादाने तो लाकूडवाल्याला द्यायचे ठरवले होते. मी फेब्रुवारीत जत्रेसाठी मुंबईहून गेलो असताना झाडाखाली बियांचा आणि विष्ठेचा खच दिसला आणि मी दादाला जवळजवळ ओढतच तिथे नेऊन बसवले. तासाभराने पंखांचा तो घरघराट आला, जो ऐकून कोळशाचे इंजिन आठवावे, आणि नर शेजारच्या फांदीवर उतरला. लाल डोळ्यांनी त्याने बराच वेळ आजूबाजूला पाहिले, मग गळ्यात साठवून आणलेली वडाची फळे एकेक करून वर काढली आणि फटीतून आत दिली. मी एकतीस मोजली. दादा म्हणाला, “बघ, बायलेक आत कोंडून ठेवल्यान, पण पोसता मात्र इमानान.” मी त्याला भिंतीचा सगळा प्रकार समजावला. वहिनींना तो एका वाक्यात कळला, दादाला आजतागायत कळलेला नाही.

त्या हंगामापुरता बेहडा वाचला. मे महिन्यात पिल्लू बाहेर पडले आणि दिवाळीनंतर दादाने झाड विकले. पक्षी तर गेले, आता काय, असे त्याचे म्हणणे होते. धनेशाला सुतारपक्ष्यासारखी ढोली कोरता येत नाही, त्याला जुन्या जाड खोडातली आयती ढोलीच लागते आणि ती चांगली निघाली तर जोडी वर्षानुवर्षे तिथेच परत येते, हे मी परोपरीने सांगितले होते. पुढच्या जानेवारीत ती जोडी आली की नाही, हे पाहायला मी गेलो नाही.

आता आपला प्रश्न. नर येईनासा झाला तर मादी भिंत फोडून बाहेर पडू शकते. मात्र आत असताना तिची उड्डाणाची पिसे गळून नवी येत असतात, त्यामुळे त्या काळात तिला नीट उडता येत नाही, आणि अंडी किंवा लहान पिल्लू वाचण्याची आशा जवळजवळ उरत नाही. म्हणजे नर मारणारा शिकारी बहुधा एक पिढीच बुडवतो. तिच्या पातिव्रत्याची कथा सांगण्यापेक्षा एवढे सांगितले तरी पुरे. माणसाला या पक्ष्यात स्वतःचे मन पाहण्याची हौसच आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या बोधचिन्हावर जो धनेश आहे, तो विल्यम नावाचा पक्षी सव्वीस वर्षे संस्थेचे मानद सचिव मिलार्ड यांच्या खुर्चीमागे पिंजऱ्यात राहिला आणि 1920 मध्ये मेला. तारेचा तुकडा गिळल्याने मेला असे म्हटले जाते, तर पक्षितज्ज्ञ नॉर्मन किनिअर यांनी मित्राच्या, म्हणजे मिलार्ड यांच्या, विरहाने गेला असे मत लिहून ठेवले. मला तार पटते.

दोन गोष्टी मात्र मान्य करायला हव्यात. धनेशांच्या काही जातींत नर बाहेरून चिखल आणून देतो, म्हणजे भिंतीत त्याचाही हात असतो. हे मी दादाला अजून सांगितलेले नाही. आणि एखादी मादी ढोलीत मेलीच नसेल, असा माझा दावा नाही. मी स्वतः एकच घरटे पाहिले आहे.

दादानेही आता पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या आहेत आणि घरटे कुठे आहे असे कोणी विचारले की तो शेजारच्या देवराईकडे बोट दाखवतो. आपण उतरलात त्या घरामागे पोफळीची बाग असेल आणि तिच्या कडेला बेहड्याचा रुंद बुंधा असेल, तर यजमानांना माझा नमस्कार कळवावा.