लॅपटॉपचं बायॉस उडालंय? चिपला हात लावण्याआधी तिच्यावरचा नंबर वाच

पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी, म्हणजे बोर्ड मेलाच असं समजू नकोस. कदाचित फक्त बायॉस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारा बोर्डवरच्या छोट्या चिपमधला प्रोग्राम, बिघडला असेल. आधी फुकटचा उपाय. एचपी असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर बायॉस रिकव्हरीचा पेनड्राइव्ह तयार कर, चार्जर लाव आणि विंडोज व बी ही बटणं दाबून धरून लॅपटॉप चालू कर. डेलच्या बऱ्याच मॉडेलना कंट्रोल-एस्केप दाबून धरून चार्जर जोडावा लागतो. मग गप्प बसून राहा, मधेच बंद करू नकोस.

नाहीच जमलं तर सीएच३४१ए प्रोग्रामर (चिप थेट वाचणारं-लिहिणारं छोटं यूएसबी उपकरण) आणि बायॉसच्या चिपवर बसणारी आठ पायांची क्लिप. बॅटरी, चार्जर दोन्ही काढ. क्लिपची लाल वायर चिपवरच्या ठिपक्याजवळच्या पायाला. आणि भिंग घेऊन नंबर वाच: विनबाँडची २५क्यू६४एफव्ही ३.३ व्होल्टची, २५क्यू६४एफडब्ल्यू १.८ची. एका अक्षराचा फरक! १.८वालीला प्रोग्रामर आणि क्लिपच्या मधे १.८ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लागतोच. मी आळस केला होता, चिप गेली.

चिपवर नवं बायॉस लिहिण्याआधी तिच्यात आहे ते दोनदा वाचून फाइलीत घे. दोन्ही फाइली तंतोतंत जुळल्या नाहीत तर क्लिप नीट बसलेली नाही, पुन्हा लाव. बिघडलेली असली तरी ती प्रत जपून ठेव. सिरियल नंबर, विंडोजची की सहसा तिच्यातच असते. कंपनीची डाउनलोड फाइल तशीच चिपवर चढवू नकोस, ती बहुतेकदा पूर्ण इमेज (अख्ख्या चिपची प्रत) नसते. वरच्या दोन्ही चिप ८ एमबीच्या, म्हणजे फाइल बरोब्बर ८३,८८,६०८ बाइटची हवी. एक बाइट कमी-जास्त दिसला तरी थांब.